ग्राहक क्रमांक चार

दिघ्यात दाऊदचाचांच्या गॅरेजचं शटर अर्धंच वर होतं. मी वाकून आत गेले आणि आधी वास आला. रॉकेलमध्ये धुतलेल्या चेनचा, जुन्या टायरचा, ग्रीसचा, आणि या सगळ्याच्या मागून फार वेळ उकळलेल्या आल्याच्या चहाचा. दीड वर्षात मी इथं पाय ठेवला नव्हता.

घरी सांगितलं होतं की पप्पांच्या मोटारसायकलचे कागद चाचांना द्यायला जाते. ते खोटं नव्हतं. आरसी बुक पिशवीत होतंच. पण मी आले होते ते भिंतीवरच्या एका पानासाठी. हवेच्या कॉम्प्रेसरच्या वर, कॅलेंडरच्या शेजारी, ते अजून तसंच होतं. लॅमिनेट केलेलं, चार कोपऱ्यांना चार खिळे. वर गाडीवर बसलेल्या पप्पांचा फोटो, खाली इंग्रजीत बारा ओळी. त्या ओळी माझ्या आहेत. पप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्यात काय लिहिलंय ते मी त्यांना खोटं सांगितलं होतं.

गाडी विकायला काढली होती आणि रविवारी ती बघायला महाप्याच्या आयटी पार्कमधला एक इंजिनिअर येणार होता. तो भिंत बघणार. फोटो ओळखणार. मग मोठ्यानं वाचणार, हसणार, आणि पप्पांना विचारणार, अहो काका, हे तुमच्याबद्दल कोणी लिहिलं? त्याच्या आत ते पान मला तिथून काढायचं होतं.

चाचा आत नव्हते. शेजारच्या टपरीवर त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होते, "साखर कमी टाक रे, डाक्टर मला वरडतो, तुला नाय." मी थांबले. कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली गाडी होती. ताडपत्री उचलली.

काळी टाकी. तिच्यावर हातानं ओढलेली सोनेरी रेघ. टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथं पप्पांचे गुडघे टेकतात, तिथला रंग उडून पत्रा दिसतोय, नुसता दिसत नाही, चकाकतोय. आणि इंजिनखाली आईचं जुनं स्टीलचं ताट. त्यात तेल. मध जितका काळा होऊ शकेल तितकं काळं.

ते ताट मी पहिलीत होते तेव्हापासून गाडीखाली आहे. ही गाडी बनवणारी कंपनी फार जुनी, आणि तिची गाडी तेल गाळते हे सगळ्यांना माहीत. आमच्या चाळीत इतरांच्या गाड्या उभ्या असत, त्यांच्याखाली कोरडी जमीन. आमच्या गाडीखाली ताट. आई ते तेल फेकायची नाही. बाटलीत भरून ठेवायची. दाराच्या बिजागऱ्यांना, शिवणयंत्राला, कुलपाला, शेजारच्या म्हातारीच्या झोपाळ्याच्या कड्यांना. आमच्या घराचं दार कधी वाजलं नाही. दुसऱ्यांच्या घरी दार करकरलं की मला वाटायचं, यांच्याकडे गाडी नाही.

पप्पा महाप्याला प्लास्टिकच्या कंपनीत मशीनवर. पहिल्या पाळीला सकाळी साडेसहाला निघायचे. थंडीत इंजिन गार असलं की किक मारण्याआधीचं सगळं मला अंथरुणातून ऐकू यायचं. पेट्रोलचा नळ उघडल्याची टिचकी. मग डाव्या हँडलवरची एक छोटी दांडी दाबून किक हळू, अगदी हळू खाली नेण्याचा फुस्स आवाज. त्या वेळी ते हेडलाइटवरच्या छोट्या घड्याळाकडे बघत असायचे. त्यात वेळ नसतो, करंटचा काटा असतो. काटा मधोमध आला की दांडी सोडायची, आणि मग एकच किक. काटा बघितला नाही, घाई केली, तर किक उलटी येते आणि नडगी फोडते. पप्पांच्या उजव्या नडगीवर तसा एक डाग आहे. मी जन्मले त्या दिवशीचा. घाई झाली होती, असं ते सांगायचे.

एक किक. मग तो आवाज. धड, धड, धड, मध्ये इतकी जागा की वाटावं आता बंद पडणार, आणि पुन्हा धड. भिंतीवरची ताटं किणकिणायची. आई म्हणायची, "गेली एकदाची स्वारी." मी पुन्हा झोपायचे.

लहानपणी माझी जागा टाकीवर होती. पुढे हँडलचा गार लोखंडी दांडा, मागे पप्पांच्या शर्टाची बटणं. ठाणे-बेलापूर रस्त्याला एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या भिंती, आणि प्रत्येक कंपनीचा वास वेगळा. एक गोड सडक्या फळासारखा, एक जळक्या केसांसारखा, एक नुसताच नाकात चावणारा. डोळे मिटून मला कळायचं आपण कुठं पोचलो. इंजिनचा ठोका टाकीतून पोटात यायचा. त्यावर झोप यायची. पप्पा एका हातानं मला छातीशी धरायचे आणि गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे जायचे. "विलासशेठ, ढकलू काय?" असं त्यांच्या कंपनीतले लोक ओरडायचे. पप्पा हात वर करायचे फक्त.

दुपारी तीनला पाळी सुटायची, साडेतीनला पप्पा घरी. दोन गल्ल्या पलीकडूनच आवाज कळायचा, आणि आई चहाचं आधण ठेवायची. गाडी बंद झाल्यावर सुद्धा ती लगेच गप्प होत नसे. गरम लोखंड थंड होताना टिक, टिक, टिक करत राहायचं. पप्पा पायरीवर बसून बूट काढायचे आणि ते टिकटिक संपेपर्यंत उठायचे नाहीत. मी विचारलं होतं, "काय ऐकताय?" म्हणाले, "काय नाय. ती पण कामावरनं आलीय."

आणि रविवार. रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, दाऊदचाचा टॅपेट लावायचे, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्वची फट नेमकी करायचे. ते मूळचे उरणकडचे, आखाती देशात बरीच वर्षं काम करून आलेले, आणि पप्पांचे दिघ्यातले पहिले मित्र. इंजिनच्या बाजूचं छोटं झाकण उघडून ते आतला सळईसारखा भाग दोन बोटांत धरून फिरवत. मग मला बोलवायचे. "ये गो, हात लाव. फिरला पाहिजे, पन हलायला नको. कलला?" मला ते तेलकट, गुळगुळीत फिरणं बोटांना अजून आठवतं. पप्पा शेजारी उकिडवे बसून आवाज न करता बघत असायचे, देवघरासमोर बसतात तसे. झाकण लागलं की चाचा म्हणायचे, "विलासशेठ, तुझी बायको जेवली नसंल, पन हिचा झाला." आतून आई ओरडायची, "ऐकलं हं मी, दाऊदभाई!" आणि चाचांसाठी कांदेपोहे बाहेर यायचे.

दसऱ्याला चाचा गॅरेज दुपारपर्यंतच उघडं ठेवायचे. झेंडूच्या माळा तेच आणायचे, ऐरोलीच्या बाजारातून. आमच्याकडे गाडीला हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, नंबरप्लेटच्या फटीत आपट्याची पानं. पुढचे पंधरा दिवस ती पानं वाळत, फडफडत आमच्याबरोबर फिरायची.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते लिहिलं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. पप्पा नववी, आई चौथी. त्यामुळे महत्त्वाच्या कागदाचं काय करायचं याचा आमच्याकडे एकच नियम होता, तो लॅमिनेट करायचा. माझी दहावीची गुणपत्रिका निकालाच्या दिवशी संध्याकाळी लॅमिनेट झाली. शाळा सोडल्याचा दाखलाही. कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी दाखला हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अहो, यावर शिक्का कुठं मारू? आता काही लिहिता येणार आहे का यावर?" मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. पप्पांनी खिशातला रुमाल काढून तो दाखला पुसला. जणू तो मळला होता म्हणून शिक्का बसत नव्हता. मी रांगेतून दोन पावलं बाजूला सरकले. त्यांच्यापासून. तेव्हा ते कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं.

दुसऱ्या वर्षाला एक प्रकल्प होता. एखादी जुनी कंपनी घ्यायची आणि शोधायचं की तिच्या ग्राहकांची निष्ठा अजून योग्य आहे का. मॅडमनी विषय सांगितला आणि माझ्या डोक्यात तो आवाज वाजला, धड, धड, धड. मी हीच मोटारसायकल कंपनी घेतली. दहा मालक शोधले. प्रश्न तयार केले. मायलेज, देखभाल, दर्जा, सेवा असे चार रकाने केले. शेवटचा प्रश्न होता, पुढची गाडीही याच कंपनीची घ्याल का, आणि का?

पप्पांना मी सगळ्यात शेवटी विचारायला हवं होतं, पण ते चौथे आले. पायरीवर बसून त्यांनी प्रत्येक उत्तर विचार करून दिलं. मायलेज? "कमी हाय, खरं सांगायचं तर." देखभाल? "लय." दर्जा? त्यांनी ताटाकडे बघितलं आणि हसले. "लिही आता तूच." मग शेवटचा प्रश्न.

"घेनार."

"का?"

काढलेले बूट त्यांनी एकमेकांशेजारी नीट लावले. मग म्हणाले, "आता असं बघ. ह्या गाडीचं काय बिघडलंय हे मला तिच्या आवाजावरनं कळतं. माझं काय बिघडलंय हे दाऊदला माझ्या आवाजावरनं कळतं. दुसरी घेतली की दोन्ही गेलं."

हे चार रकान्यांपैकी कशातच बसत नव्हतं. मी लिहिलं, 'कारण सांगता आले नाही.'

मी जे लिहिलं त्यातलं बरंच खरं होतं, हेही सांगायला हवं. गाडी तेल गाळायचीच. ब्रेक इतके हळू लागायचे की पप्पा समोरच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवायचे आणि त्या जागेत रिक्षा घुसायच्या. क्लचची केबल कळव्याच्या पुलावर तुटली होती, दिवाळीच्या खरेदीच्या पिशव्या घेऊन आम्ही तिघं गाडी ढकलत आलो होतो. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, इतर गाड्यांच्या उलट, त्यामुळे पप्पांना दुसरी कुठलीच गाडी चालवता येत नव्हती. हे सगळं मी लिहिलं. ते लिहिल्याची मला लाज वाटत नाही. पण त्या पानावर मी असं लिहिलं होतं,

'ग्राहक क्रमांक चार. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण नववी, कारखान्यात मशीन ऑपरेटर. या ग्राहकाची निष्ठा उत्पादनाच्या गुणवत्तेवर आधारलेली नाही. ती माहितीच्या अभावातून आणि सवयीतून आलेली आहे.' अशा दहा-अकरा ओळी. आणि शेवटची ओळ, 'हे उत्पादन सदोष आहे असे तो मान्य करू शकत नाही, कारण अभिमान बाळगावा असे त्याच्याजवळ दुसरे काहीही नाही.'

वर्गात मी व्हिडिओ दाखवला. पप्पा कंपनीच्या निळ्या शर्टात, काट्याकडे बघत किक हळू खाली नेताना. जीभ थोडी बाहेर आलेली. मुलं हसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल रॉकेट सोडतायत काय?" मीही हसले. मॅडमनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"आमच्या एरियातले एक काका आहेत," मी म्हणाले.

मॅडमनी ती शेवटची ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, निरीक्षण असं असावं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला सगळ्यात जास्त मार्क मिळाले.

स्पायरल केलेला प्रकल्प घरी टेबलावर होता. पप्पा कामावरून आले, पायरीवरचं टिकटिक संपल्यावर आत आले, हात धुऊन पुसून त्यांनी तो उघडला आणि पानं उलटताना त्यांना स्वतःचा फोटो दिसला. "अगं, मी हाय हितं!" आईला हाक मारली. "ये, बघ. पुस्तकात आलोय." मग मला म्हणाले, "काय लिवलंयस? वाच की."

मी पान हातात घेतलं. खाली बघून, इंग्रजी ओळींवर बोट फिरवत, मी मराठीत दुसरंच काहीतरी वाचलं. की हे एक प्रामाणिक ग्राहक आहेत, गाडीची फार काळजी घेतात, कंपनीला अशा ग्राहकांचा अभिमान वाटायला हवा. आई म्हणाली, "एवढंसंच? ओळी तर लई दिसतात."

"इंग्रजीत लांब होतं," मी म्हणाले.

पप्पांनी फोटोवरून अंगठा फिरवला. थोड्या वेळानं म्हणाले, "हे पान मला देशील का?" मी नाही कसं म्हणणार होते. त्यांनी स्पायरल स्वतः सोडवलं, एकेक वळण, पान न फाडता. दोन दिवसांनी आई सहज म्हणाली की दाऊदभाईंच्या गॅरेजात लावलंय, छान दिसतंय, लॅमिनेशन करून. त्या दिवसापासून मी या गल्लीतून जाणं बंद केलं. डोंगराच्या बाजूनं, लांबून जायचे. घरात गॅरेजचं नाव निघालं की मी पाणी प्यायला उठायचे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पप्पांना किक मारायला मनाई केली. उजवा गुडघा. मीच म्हणाले, आपण नवीन बघू, याच कंपनीची, आता बटणावर सुरू होणाऱ्या निघाल्यात. वाशीच्या बाजूला शोरूम आहे, तिथं गेलो. पांढऱ्या टाइल्स, एसी, अत्तरासारखा वास. पप्पा बूट बाहेर काढायला लागले, मी नको म्हणाले. सेल्समन भला होता. "बसा ना अंकल. फक्त बटण दाबा."

पप्पा बसले. टाकीवर तीच सोनेरी रेघ, पण छापलेली. त्यांनी बटण दाबायच्या आधी मी बघितलं, त्यांचा उजवा पाय मागे गेला आणि हवेत किक शोधायला लागला. दोनदा. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी पाय गुपचूप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मी पाहिलं का ते बघायला. मी बाहेर रस्त्याकडे बघत असल्याचं दाखवलं.

गाडी सुरू झाली. आवाज चांगला होता, एकसारखा. पप्पा उतरले, वाकून इंजिनखाली बघितलं. टाइल्स कोरड्या.

"चांगली हाय," ते म्हणाले. आई एखाद्या श्रीमंत नातेवाइकाकडे जाऊन आल्यावर म्हणते ना, घर छान आहे, त्या सुरात. मग सेल्समनला विचारलं, "ह्याचं टॅपेट कोन बाहेरचा लावू शकतो का? आमचा एक मानूस हाय, हात चांगला हाय त्याचा."

"नाही अंकल, हिला लॅपटॉप लावावा लागतो. बाहेर उघडली तर वॉरंटी जाते."

"बरं बरं," पप्पा म्हणाले. आणि निघताना आपण बसलो होतो ती सीट हातानं पुसून घेतली.

रिक्षात ते म्हणाले, "जुनी दाऊदकडं लाव म्हनावं विकायला. नवी कुठली पण घे, तुला चालवता येईल अशी. आता मला काय फरक पडत नाय." तेव्हा मला कळलं की त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर बदललं. पुढची गाडीही याच कंपनीची घ्याल का? आता नाही. त्यांची गाठ कंपनीशी कधी नव्हतीच, आणि जिच्याशी होती तिचा रकाना मी केलाच नव्हता.

"कोन? कालेजवाली मॅडम?"

चाचा शटरखालून वाकून आत आले. दोन हातांत दोन ग्लास, म्हणजे टपरीवरूनच मला बघितलं होतं. दाढी पांढरी झाली होती, बाकी सगळं तेच, खिशात पाना, कानावर पेन्सिल. "दीड वरसानी रस्ता सापडला काय गो? मी तर आयकला तू लय शिकली, म्हटला आता आमचा वास सहन होत नसंल."

"तसं नाही चाचा. अभ्यास होता." मी पिशवीतून आरसी बुक काढून दिलं. चहा घेतला. ग्लासाला बोटांचं तेल लागलं होतं, चहाला थोडी त्याची चव. मग मी शक्य तितक्या सहज म्हणाले, "चाचा, ते पान मी घेऊन जाऊ का? भिंतीवरचं."

"कशाला?"

"जुनं झालंय. नवीन प्रिंट काढून आणते, चांगल्या कागदावर."

चाचांनी फुंकर घालून एक घोट घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यातला शेवटचा वाक्य काढून आननार काय?"

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला. कुठं ठेवला ते आठवत नाही.

"तुम्ही वाचलंत?"

"सतरा वरसा मस्कतला वर्कशॉपात होतो, बेटा. जॉबकार्ड सगली इंग्लिसमदी. माजा इंग्लिस कोन विचारतो हितं?" ते हसले, पण हळू. मला खरंच कधी वाटलं नव्हतं की त्यांना वाचता येत असेल. ते आखाती देशात होते हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी वाटलं नव्हतं. पप्पांबद्दल मी जे केलं तेच चाचांबद्दलही केलं होतं. न लिहिता.

"पप्पांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगायचा काय? तोच घेऊन आला. लॅमिनेशन नवता तवा. बोलला, दाऊद, पोरीनी लिवलाय, वाचून दाखव. मी बोललो, पोरीलाच विचार ना. तर बोलला, तिनी वाचला, पन वाचताना मान खाली होती तिची." चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "मग वाचला मी. सगला. मी बोललो होतो त्याला, शेवटचा सोडतो, तो कायतरी टेक्निकल हाय. बोलला, नाय, वाच."

"मग?"

"मग कागद मांडीवर घेऊन बसला. लय वेल. ह्या इथंच, टायरवर. मला वाटला आता उठून फाडतो. तर मला विचारतो कसा, दाऊद, इंग्लिसमदी चूक हाय काय कुठं? मी परत वाचून बगितला. बोललो, नाय विलास, एक पन चूक नाय. बोलला, मग लॅमिनेशन करून आनतो, हितं लाव."

बाहेरून टेम्पो गेला. गाडीच्या इंजिनखाली ताटात एक थेंब पडला, इतका छोटा आवाज की एरवी ऐकू आला नसता.

"विलास येनाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो," चाचा म्हणाले. "बोलतो, माज्या पोरीनी इंग्लिसमदी लिवलाय. कोन वाचायला जवल गेला, का मी बोलतो, अरे कॉम्प्रेसर चालू हाय, लांब हो."

मी स्टुलावर चढून चारही खिळे उपसले. चाचांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "खिले हितंच ठेव."

पान पिशवीत घालून घरी आले. पप्पा पायरीवर बसले होते, गुडघ्याला शेकायचा पट्टा बांधून. गाडी नसली तरी ते साडेतीनला पायरीवर बसतात अजून. "दिलेस कागद? कशी हाय ती? तेल हाय का ताटात?"

"आहे."

"मग बरी हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पान काढलं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना सगळं कळलं. मी म्हणाले, "पप्पा, मी हे नीट वाचलं नव्हतं तेव्हा." मग मी वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, जसं लिहिलं होतं तसं मराठीत. ग्राहक क्रमांक चार. वय. शिक्षण नववी. माहितीचा अभाव. प्रत्येक शब्द मराठीत आणताना तो इंग्रजीपेक्षा लहान आणि धारदार होत होता. पप्पा समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत ऐकत होते, जिथं गाडी उभी राहायची, जिथं फरशीवर काळा गोल डाग आहे. शेवटच्या ओळीशी मी थांबले.

"वाच की," पप्पा म्हणाले.

मी वाचली.

त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा जरा सैल केला. मग म्हणाले, "बाकी सगळं बरोबर हाय. तेवढं एक शेवटचं चुकलंय तुझं."

मी पिशवीतून पेन काढला आणि त्या ओळीवर रेघ मारली. पेन प्लास्टिकवर घसरला. पुन्हा मारली, जोर देऊन. शाई उमटत नव्हती. नुसता एक चरा पडला, बोट फिरवलं तर लागणारा, दिसत नाही असा. खाली ओळ जशीच्या तशी, काळी, कोरडी. मी तशीच रेघा मारत राहिले.

पप्पांनी माझ्या हातातून पेन घेतला, टोपण लावलं आणि खिशात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "लॅमिनेशनवर नाय चालत. रविवारच्या आधी नेऊन लाव परत. त्या इंजिनिअरला दाखवायचंय."